घरच्या टाकीतल्या माशांचे परजीवी: औषधाच्या बाटलीआधी टबाचं बघा

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)

नमस्कार मंडळी. दिवाळी सरून रात्री गार पडायला लागल्या की व्हॉट्सॲपवर तोच फोटो येतो: मोलीच्या नाहीतर गोल्डफिशच्या शेपटीवर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि खाली प्रश्न, "भाऊ, कोणतं औषध टाकू?" औषधाचंही सांगतो, पण धागा काढतोय तो त्याच्या आधीच्या गोष्टीसाठी. परजीवी टाकीच्या पाण्यात आपसूक जन्माला येत नाहीत. नव्या माशाच्या कल्ल्यात बसून येतात, पाणवनस्पतीच्या पानाला चिकटून येतात, माशांच्या खाद्यासाठी नाल्यातून काढलेल्या ट्युबिफेक्स किड्यांसोबत येतात, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या ओल्या जाळीतून येतात. एवढ्या वाटा अडवल्या तर बाटली उघडायची वेळ फार क्वचित येते, हे माझं ठाम मत आहे.

आधी ठिपक्यांचं. शौकीन लोक याला 'इक' म्हणतात. पूर्ण नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, 1876 साली फूके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने वर्णन करून ठेवलेला एकपेशीय जीव. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरून वाढणारा परजीवी. वरून कातडीचं आवरण असल्यामुळे पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वाढ पूर्ण झाली की तो मासा सोडतो, रेतीवर, काचेवर, पानावर चिकटतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. या कवचातही औषध शिरत नाही. मग कवच फुटतं आणि पिल्लं मासा शोधत पोहत सुटतात. साधारण दोन दिवसांत मासा नाही सापडला तर मरतात. मीठ असो की दुकानातली निळी-हिरवी बाटली, मार बसतो तो फक्त या मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना.

म्हणून ठिपके गळाले की मासा बरा झाला असं समजून औषध थांबवणं सगळ्यात घातक. ठिपके गळाले याचा अर्थ ते आता तळाला जाऊन फुटायच्या तयारीत आहेत. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडा-दहा दिवस उपचार चालू ठेवायचा आणि रोज तळाची घाण नळीने ओढून काढायची.

हे चक्र किती दिवसांत फिरतं ते पाण्याच्या उबेवर आहे. 24–26 अंशांना 4 ते 7 दिवस. 15 अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत गोंदिया-नागपूरचा पारा रात्री 10 अंशांच्याही खाली जातो, दुपारी ऊन चढतं. मातीच्या घरात नाहीतर टिनाखाली ठेवलेल्या छोट्या टाकीचं पाणी त्याच्यासोबत वर-खाली होतं, माशाची प्रतिकारशक्ती ढासळते, आणि कल्ल्यात दडून बसलेला इक तेव्हाच डोकं काढतो. पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात 'पाच दिवस औषध' लिहिलेलं असतं ते तिथल्या पाण्यासाठी. हीटर नसेल तर आपल्या हिवाळ्यात पाच दिवस पुरत नाहीत.

आता टब, म्हणजे नवा मासा मोठ्या टाकीत सोडण्याआधी वेगळा ठेवायची जागा. धान्याचा रिकामा प्लास्टिक ड्रम, 20-25 लिटरचा टब, काहीही चालेल, फक्त कीटकनाशकाचं किंवा खताचं भांडं नको, कितीही धुतलं तरी नको. त्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, लपायला फुटका माठ, वर जाळी. रेती घालायची नाही, म्हणजे तळ रोज पुसता येतो. नवा मासा यात चार आठवडे. दोन आठवडे ही अगदीच कमीत कमी मुदत, आणि हिवाळ्यात तीही पुरेशी नाही, कारण वर सांगितलं तसं थंड पाण्यात चक्रच लांबतं. टबाची जाळी वेगळी, नळी वेगळी, बादली वेगळी. रोज आधी मोठ्या टाकीचं काम आटपायचं, मग टबाचं; उलट नाही. स्पंज नेहमी मोठ्या टाकीत मुरलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू धरलेला घ्यावा, नाहीतर नव्या टबात अमोनिया वाढतो आणि मासा परजीवीआधी त्यानेच आजारी पडतो. एकदा टबात गेलेला स्पंज मात्र मोठ्या टाकीत परत घालू नये.

दुकानातल्या पिशवीचं पाणी टाकीत ओतायचं नाही. पिशवी तरंगत ठेवून पाण्याची ऊब जुळली की मासा जाळीने उचलायचा आणि ते पाणी अंगणाबाहेर फेकायचं.

विचारा काय विचारायचं ते.

---

पळसफूल (गडचिरोली)

फार उपयोगी लिहिलंय दादा. एक विचारायचं होतं. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हौदात डासांसाठी गप्पी मासे सोडलेले असतात. गावातली पोरं मगभर घेऊन येतात आणि थेट फिशटँकमध्ये टाकतात. माझ्या मुलानेही आणलेत, ते अजून वेगळ्या बरणीत आहेत. ते गावचेच, धट्टेकट्टे मासे, त्यांनाही चार आठवडे?

---

वैनगंगाकाठ

ताई, होय, त्यांनाही. धट्टाकट्टा मासाच जास्त फसवतो. हौदातल्या गप्पीच्या अंगावर थोडे परजीवी असतात, तो पचवतो, कारण तिथे एका माशाच्या वाट्याला पाणी भरपूर असतं. तोच जीव 50 लिटरच्या टाकीत आला की पिल्लांना दोन दिवसांत मासा हमखास सापडतो.

गप्पीमध्ये अजून एक बघा. मासा स्थिर उभा असताना गुदद्वारातून लालसर बारीक धागे बाहेर डोकावताना दिसले आणि मासा हलताच आत गेले, तर तो कॅमॅलॅनस नावाचा जंत. पोट फुगतं, पाठ वाकते, मादी पिल्लं द्यायची थांबते. याला मीठ चालत नाही, इकचं औषधही चालत नाही. लेव्हामिसोल लागतं, तेच जे शेळ्यांना जंतासाठी देतात. पण शेळ्यांच्या बाटलीत बऱ्याचदा त्याच्यासोबत ऑक्सिक्लोझॅनाइड मिसळलेलं असतं, ते माशांना नको. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना टाकीचे लिटर सांगून नुसतं लेव्हामिसोल लिहून घ्या. औषधानंतर जंत सुन्न होऊन तळाला पडतात, ते लगेच ओढून काढा, नाहीतर मासे तेच खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक डोस लागतो.

बरणी मात्र बदला. बरणीत हवा कमी मिळते, टब घ्या.

---

वऱ्हाडी_गडी (अकोला)

भाऊ, आमचं गाव खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाई. मंग आमच्या टाकीत मीठ आपसूकच आहे न? अजून कायले टाकाचं? आन् टाकाचं तं कोणतं, खडा मीठ का पुडीचं?

---

वैनगंगाकाठ

चांगला प्रश्न. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी अकोला-अमरावती-बुलढाण्यात बऱ्याच ठिकाणी खारं आहे, पण किती खारं ते विहिरीगणिक बदलतं. साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर घ्या, आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतोच. इकसाठी मिठाचं प्रमाण लिटरला 2 ते 3 ग्रॅम. तुमच्या पाण्याचा टीडीएस आधीच 1500 असेल तर वर पूर्ण डोस टाकू नका, निम्म्याने सुरू करा. मोली-गप्पी अशा पाण्यात मजेत राहतात, निऑन टेट्रा मात्र कष्टी होतो. त्याला खारं पाणी मुळातच मानवत नाही, म्हणून तुमच्याकडे टेट्रा पाळूच नये असं मी म्हणेन. आणि खारेपणामुळे परजीवी येणारच नाहीत असं समजू नका. विहिरीत विरघळलेले सगळे क्षार म्हणजे खायचं मीठ नव्हे.

मीठ खडा घ्या, कशाचीही भर नसलेलं. मोजताना चमचा नको, खड्याचा चमचा कधी भरीव भरतो कधी पोकळ. किराणावाल्याकडून तोलून घ्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे काठोकाठ सुमारे 57 लिटर, रेती आणि वरची मोकळी जागा सोडून 45 धरा. लिटरला 2 ग्रॅमने 90 ग्रॅम मीठ झालं. तेही एकदम नाही, तीन भाग करून दीड-दोन दिवसांत, बादलीत विरघळवून. पाणी वाफेने कमी झालं तर नुसतं पाणी भरा, मीठ नको, कारण मीठ उडून जात नाही. कॅटफिश, लोच असे खवले नसलेले किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे असतील तर प्रमाण निम्मं.

---

कपाशीवाला (यवतमाळ)

गोल्डफिशच्या अंगावर माशांच्या उवा झाल्या होत्या, चपट्या, गोल, सरकणाऱ्या. गावातले एक तलाव ठेका घेणारे म्हणाले, कपाशीवरचं सायपरमेथ्रिनचं एक थेंब टाका, तलावात आम्ही तेच करतो. घरात बाटली होतीच. अजून टाकलं नाही, आधी इथे विचारतो.

---

वैनगंगाकाठ

टाकू नका! कृपा करून टाकू नका. सायपरमेथ्रिन माशांना अत्यंत विषारी आहे, पाण्यातला अगदी अल्प अंशही पुरतो. घरच्या टाकीत एक थेंब म्हणजे पाण्याच्या मानाने प्रचंड मात्रा. शिवाय ते काचेच्या सिलिकॉनला, रेतीला धरून बसतं. यवतमाळात 2017 ला फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या बाटल्या घरातल्या पाण्याच्या कामात आणायच्याच नाहीत. फवारणी करून आलात तर अंघोळ झाल्याशिवाय टाकीत हातसुद्धा घालू नका.

उवेचं, म्हणजे अर्गुलसचं, बरं हे की ती डोळ्यांना दिसते. मासा ओल्या सुती कापडावर घ्या, उव बोथट चिमट्याने काढा. खरी अडचण अंड्यांची. अर्गुलसची मादी मासा सोडून काचेवर, दगडावर, फिल्टरच्या नळीवर अंड्यांच्या रांगा घालते. नख फिरवलं की खरखरीत लागतात. मासे टबात हलवा, टाकी पूर्ण रिकामी करा, काच खरवडा आणि रेती, दगड, नळ्या सगळं कडक उन्हात खडखडीत वाळू द्या. आपल्या उन्हासारखं फुकटचं औषध दुसरं नाही. टबातल्या माशांना पुढचे काही आठवडे दर दोन-तीन दिवसांनी निरखा, राहून गेलेली एखादी उव वाढून दिसू लागते.

---

मत्स्य_विद्यार्थी (नागपूर)

धागा छान. तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकतो, थोडी भर आणि थोडी असहमती.

भर: ठिपके रव्याएवढे नसून पिवळसर सोनेरी बारीक भुकटी अंगावर दिसली तर तो वेल्व्हेट, म्हणजे पिसिनोओडिनियम. दिवसा दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च माशाच्या बाजूने तिरपा धरा, पाठीवर चमक दिसते. हा जीव थोडंफार अन्न उजेडावर बनवतो, म्हणून उपचार करताना टाकीवर जाड चादर टाकून अंधार ठेवतात.

असहमती: वैनगंगाकाठ दादा, तुमच्या चार आठवड्यांत नुसतं निरीक्षण आहे. डोळ्यांना दिसणारे परजीवी त्यात सापडतील. कल्ल्यातले फ्लूक (बारीक चपटे जंत), म्हणजे डॅक्टिलोगायरस, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मासा वरवर ठीक असतो, चार आठवडे काढतो आणि मोठ्या टाकीत जाऊन सगळ्यांना देतो. मी तर म्हणेन टबात असतानाच प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्यावं.

---

वैनगंगाकाठ

टॉर्चची युक्ती लाखमोलाची. फ्लूकबद्दल तुझं म्हणणं अर्धं मान्य. गोल्डफिश आणि कोईला ते इतक्या वेळा असतात की त्यांच्यासाठी मीही आता हो म्हणेन. पण प्रत्येक गप्पी-मोलीला सरसकट औषध नको वाटतं. गावात प्राझिक्वांटेल सहज मिळत नाही, मिळालं तर मात्रा अंदाजपंचे पडते, आणि दुकानातून दमून आलेल्या माशावर पहिल्याच दिवशी औषध म्हणजे त्याला दुहेरी त्रास. पहिला आठवडा त्याला खाऊ-पिऊ द्या, रुळू द्या. मग कल्ले बघा: एकच कल्ला उघडा आणि दुसरा मिटलेला, श्वास जोरात, अंग दगडावर घासणं, हे दिसलं तर उपचार.

---

मत्स्य_विद्यार्थी

पहिला आठवडा विश्रांती, मान्य. पण 'दिसलं तर' वर मी ठाम नाही. औषध नसेल तर निदान मिठाची अंघोळ द्या: लिटरला 10 ग्रॅम, वेगळ्या बादलीत, हवेची नळी चालू, दहा मिनिटं, आणि मासा आडवा व्हायला लागला की तत्क्षणी बाहेर. गायरोडॅक्टिलस हा दुसरा फ्लूक कातडीवर राहतो आणि पिल्लंच देतो, तो याने बऱ्यापैकी उतरतो. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो, अंड्यांना काही होत नाही, म्हणून आठवड्याने पुन्हा. खवले नसलेल्या माशांना ही अंघोळ देऊ नका.

---

वैनगंगाकाठ

हे चालेल. गोल्डफिशसाठी मी हे माझ्या टबाच्या नियमात घेतो.

अंग घासण्याबद्दल मात्र सगळ्यांसाठी एक खुलासा, कारण इथे फार गफलत होते. ग्रामपंचायत विहिरीत-टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. त्या दिवशीचं पाणी थेट बदललं तर टाकीतले सगळे मासे एकाच वेळी, तासाभरात अंग घासायला लागतात, वर येऊन तोंड उघडतात. तो क्लोरीन. परजीवीचं तसं नसतं. आधी एक मासा घासतो, चार दिवसांनी दुसरा, मग तिसरा. सगळ्यांना एकदम झालं तर पाण्याकडे बघा, एकेकाला झालं तर माशाकडे. क्लोरीनसाठी पाणी उघड्या टबात एअर पंप लावून दिवसभर ठेवा, नाहीतर सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरा.

---

धानबांधी (गोंदिया)

आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातून पोरांनी बारके मासे आणले. अंगावर काळे ठिपके आहेत, पांढरे नाहीत. टिपकागदावर पेनाने टोचल्यासारखे, अगदी कातडीत. हेही सगळ्यांना लागेल का?

---

मत्स्य_विद्यार्थी

हे नाही लागणार. ही एका पर्णकृमीची अळी असते, तिच्याभोवती माशाची कातडी काळा रंग साठवते. तिला मोठं व्हायला मासा खाणारा पक्षी लागतो, पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून गोगलगायीत, गोगलगायीतून पुन्हा माशात. मालगुजारी तलावांवर बगळे, पाणकावळे आणि गोगलगायी सगळं आहे, म्हणून तिथे चक्र चालतं. तुमच्या घरात बगळा येत नाही, चक्र तिथेच तुटतं. मासा त्याच ठिपक्यांसह जगतो.

---

वैनगंगाकाठ

बरोबर. पण तलावाच्या माशासोबत बाकीचं बरंच काही येतं, त्यामुळे टब चुकत नाही. आणि धानबांधी, त्यांच्या अंगावर काडीसारखं काही लोंबतंय का बघा, टोकाला दोन बारीक पिशव्या असलेलं. ती लर्निया, अँकर वर्म. तलावात मत्स्यबीज सोडणाऱ्या आपल्या ढिवर बांधवांना ती चांगली ओळखीची आहे.

ती काढायची रीत नीट सांगतो, कारण घाईत डोकं आतच राहतं. सुती कापड टाकीच्याच पाण्यात भिजवून मासा त्यात गुंडाळा, डोळे झाकले जातील असा. डोळे झाकले की तो शांत राहतो. जिथे काडी कातडीत शिरते तिथे लाल फुगवटा असतो. चिमटा काडीच्या मध्यावर धरू नका, अगदी त्या फुगवट्याला टेकवून धरा आणि शेपटीच्या दिशेने, खवल्यांच्या कलाने, हळू पण एका ओढीत काढा. बाहेर आली की टोकाला नांगरासारखे फाटे दिसले पाहिजेत. फाटे नसतील तर ती तुटली. जखमेवर कापसाच्या बोळ्याने पोव्हिडोन आयोडिनचा थेंब, कल्ल्याला लागू न देता, आणि मासा परत पाण्यात. हे सगळं अर्ध्या मिनिटात. पाण्यात तिची पिल्लं उरलेली असतात, 25–30 अंशांना नव्या काड्या दिसायला तीन-साडेतीन आठवडे लागू शकतात, तेव्हा तेवढे दिवस टबातच.

---

वऱ्हाडी_गडी

उन्हाळ्यात काय? आमच्याकडं मे महिन्यात टाकीचं पाणी 34 होते. तवा इक मरते म्हनतेत.

---

वैनगंगाकाठ

30 अंशांच्या वर इकची वाढ बहुधा थांबते, हे खरं, म्हणून मे महिन्यात तो कमी दिसतो. हीटरने पाणी सावकाश 30 वर नेऊन उपचार करतात तेही याचसाठी. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो: 20 अंशांना लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. कल्ल्यात फ्लूक असलेला मासा तेवढ्यावर तगत नाही, आणि फ्लूकची पैदास उबेत जोरात होते. त्यात दुपारचं भारनियमन. बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा, टाकी कूलरच्या झोतात ठेवा, झाकण काढून वर जाळी टाका. बर्फाचे तुकडे टाकू नका, पाणी दोन-तीन अंशांनी झटकन उतरलं की तेच माशाला महागात पडतं. गोल्डफिश विकत घ्यायचे तर एप्रिल ते जून घेऊच नका.

---

आर्वीचे_गुरुजी (वर्धा जिल्हा)

शाळेत पोरांसाठी टाकी करतोय, आता टब आधी घेतो. दोन शंका. पाणवनस्पतीला चार आठवडे कुठे ठेवू? आणि निळं-हिरवं औषध वापरलेलं पाणी शेवटी कुठे टाकायचं? शाळेच्या मागे परसबाग आहे, पलीकडे नाला, नाल्यावर गुरं येतात.

---

वैनगंगाकाठ

गुरुजी, वनस्पतीला आठवडाभर माशाशिवाय वेगळ्या बादलीत ठेवलं तरी आपल्या उबेत इकची पिल्लं मासा न मिळून मरतात. हिवाळा असेल तर तीन-चार आठवडे. त्याआधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्यात खळखळून काढा. गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट पुंजके पानामागे असतात, ते हाताने काढा. पोरांना हे काम फार आवडेल.

पाण्याचं: नाल्यात नाही, परसबागेत नाही. हिरव्या औषधात मॅलाकाइट ग्रीन असतं, खाण्याच्या माशांना ते वापरायला बंदी आहे, मग पालकाच्या वाफ्यात कशाला? मिठाचं पाणीही वाफ्याला नको. विहीर-बोअरपासून लांब, गुरं जात नाहीत अशा पडीक जागी खड्डा करून मुरू द्या. औषध हाताळताना हातमोजे घाला आणि ते काम पोरांना देऊ नका. साधं, बिनऔषधाचं, बिनमिठाचं बदललेलं पाणी मात्र खुशाल परसबागेला घाला, वांग्या-मिरचीला ते चांगलं मानवतं.

---

आर्वीचे_गुरुजी

समजलं. टबासाठी स्पंज मुरलेला हवा म्हणालात, आमच्याकडे अजून मुरलेली टाकीच नाही.

---

मत्स्य_विद्यार्थी

गुरुजी, मग आधी शाळेची टाकी रेती-फिल्टरसह माशांशिवाय चालू करा आणि टबाचा स्पंज तिच्यातच सोडून ठेवा. रोज चिमूटभर खाद्य टाकत राहा, चार ते सहा आठवड्यांत फिल्टरमध्ये जिवाणू धरतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की स्पंज टबात घ्या आणि मगच मासे आणा. तपासणीच्या पट्ट्या नागपुरात मत्स्य दुकानांतून मिळतात.